तिची तोडणी, माझं कार्ड

प्रकाशनवाल्या बाईंनी वह्या घ्यायला हात पुढे केला, तेव्हा मी पिशवी सोडली नाही. एक बंद त्यांच्या हातात, एक माझ्या. बाई हसल्या. माल हातात घेताना हसणारा माणूस मला आवडत नाही.

"भाऊ, सोडा न. वाचल्याशिवाय कसं सांगू छापायजोगं हाय का नाई ते?"

"इथीच वाचा. मी बसतो."

"चार वह्या हायेत. दोन-तीन दिवस लागतील."

"लागू द्या. मी डबा आणला."

डबा खरंच आणला होता. सिंदेवाहीकडच्या आमच्या गावाहून पहिल्या गाडीनं निघालो होतो. चंद्रपूरच्या परकोटाच्या आत एका अरुंद गल्लीत बाईंचं घर. शाळेत शिकवायच्या, आणि रिटायर झाल्यावर घराच्या समोरच्या खोलीतून पुस्तकं काढतात, असं मला गावच्या मास्तरानं सांगितलं होतं. खोलीत छतापर्यंत पुस्तकांचे गठ्ठे. मी एका गठ्ठ्यावर बोट फिरवून पाहिलं. धूळ होती. मनात म्हटलं, एवढी पुस्तकं घरातच पडून आहेत म्हणजे कोणी घेत नाही. मग या बाईला आणखी एक पुस्तक कशाला पाहिजे?

शेवटी बाईंनीच तोड काढली. गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान होतं. दोघं मिळून गेलो आणि चारही वह्यांची झेरॉक्स काढली. झेरॉक्स त्यांच्याकडे, वह्या माझ्याकडे.

"हे तुम्ही घरूनच करून आणायला पाहिजे होतं," बाई म्हणाल्या. "मूळ प्रत कोणाच्याच हाती द्यायची नसते. माह्याबी नाई."

मी आणखी सावध झालो. आपल्याच विरुद्ध सल्ला देणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी असतं, असं माझं तेव्हाचं मत होतं.

दुकानातून परत येताना बाईंनी कागद चाळले. "भाऊ, प्रत्येक पानावर हा अंगठा कोणाचा?"

"माहा."

"काऊन?"

"पान कोणी बदलू नये म्हणून."

बाई पुन्हा हसल्या. मी पिशवी काखेत घट्ट धरली.

मी चौथी शिकलो. हे जे लिहितो आहे ते माझंच आहे. ऱ्हस्व-दीर्घ त्याच बाईंनी नीट केलं, आणि कुठं कुठं नीट केलं ते मला एकेक दाखवून केलं. माझी सारी उमर तेंदूच्या फळीवर गेली. फळी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. उन्हाळ्यात बायका पहाटेच जंगलात जातात, तेंदूची पानं तोडतात, घरी आणून सत्तर-सत्तरची पुडकी बांधतात आणि संध्याकाळी फळीवर आणतात. तिथं ठेकेदाराचा मुन्शी ओळी मोजून कार्डावर आकडा टाकतो. मी फळीवर पुडकी उन्हात उलटवायचो आणि राखण करायचो. मोजणाऱ्यांचे हात मी जवळून पाहिले आहेत. एखादं पुडकं हलकं म्हणून बाजूला टाकायचं आणि बाई घरी गेली की तेच उचलून गठ्ठ्यात घालायचं. कार्ड "दुरुस्तीला" म्हणून मागायचं आणि परत देताना आकडा कमी करून द्यायचा. माझ्या बायकोला हे सगळं ठाऊक होतं. मुन्शी कार्डावर लिहीत नाही तोवर ती आपल्या शेवटच्या पुडक्यावर पाय ठेवून उभी राहायची. मुन्शी म्हणायचा, "बाई, पाय काढ." ती म्हणायची, "लिव आंधी."

वह्या तिच्या होत्या.

विहारात मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग लागला होता, तेव्हा ती चाळिशीला आली होती. शेजारच्या तिच्या मैत्रिणीला घेऊन गेली. दोघी पाटी पदराखाली लपवून जायच्या, जशी काही चोरीच करायला निघाल्या. वर्ग बंद पडला तरी तिचं लिहिणं बंद पडलं नाही. तोडणीला जाणाऱ्या बायकांवर लिहायची. कोणती बाई वाघाच्या भीतीनं साऱ्या वाटेनं मोठ्यानं सासूला शिव्या देत चालायची, कोणती बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी पानाला आली, कोण झाडाखाली बसली ती उठलीच नाही. एका बाईवर दोन-तीन पानं. मी विचारायचो, "काय लिवून राह्यली?" ती म्हणायची, "तुमाले फळीवरून जे दिसत नाई ते."

पोटाच्या दुखण्यानं ती गेली. आजार तीन महिनेही चालला नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, "वह्या चुलीत नोका घालजा. जमलं त पुस्तक करजा. माह्या नावाचं." मी हो म्हटलं. आमच्या आयुष्यात तिनं मला तोंड उघडून मागितलेली हीच एक गोष्ट. बाकी सगळं ती स्वतः जाऊन आणायची.

ती गेल्यावर मी वह्या पेटीत घातल्या आणि कुलूप लावलं. अहेरीला नर्स असलेली माझी लेक म्हणाली, "बाबा, माह्याकडे द्या, मी पाहतो कोणी छापते का." मी दिल्या नाहीत. लेकीवरही माझा भरवसा बसला नाही. तिच्या घरी लहान पोरं, जावई कागदाला जपणारा नाही, कुठं काय होईल सांगता येत नाही. अशी माझी अवस्था होती. रात्र-दिवस मला वाटायचं, कोणीतरी या वह्या नेणार.

आणि असं वाटायला एक कारणही घडलं होतं. तालुक्याला बोलीभाषेचं संमेलन होतं. छातीला फीत लावलेला एक माणूस भेटला, पुस्तकं काढतो म्हणाला. मी बायकोच्या वह्यांची गोष्ट काढली. त्यानं लगेच माझा हात धरला. "काकू गेल्या? अरेरे. काका, काळजीच करू नका. द्या माझ्याकडे." माझा हात सोडेना. त्याच्या शबनम पिशवीत आधीच दोन वह्या होत्या, एकीवर मोहाचे डाग. मी विचारलं, "ह्या कोणाच्या?" तो म्हणाला, "देतात लोकं." मी म्हटलं, "कोणत्या लोकायनं देल्ल्या?" त्यानं वह्या उलटून-पालटून पाहिल्या. कुठंच नाव नव्हतं. त्याला आठवेना. मी हात सोडवून घेतला आणि घरी आलो.

त्या दिवशी मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, प्रत्येक पानावर आपला अंगठा उमटवायचा. शाईचं पॅड आणलं आणि दोन दिवस तेच काम केलं. दुसरी, बायको गेली हे प्रकाशकाला सांगायचंच नाही. ते ऐकलं की त्यांची जीभ गोड होते. म्हणून चंद्रपूरच्या बाईंना मी एवढंच सांगितलं होतं, "घरच्या वह्या हायेत." कोणाच्या, ते बोललो नाही. तिनं लिहिण्यात "मी" कुठंच वापरलं नव्हतं. सगळं इतर बायकांचं. अक्षर बाईचं की पुरुषाचं, हे काही कागद बोलत नाही.

आता ज्यांच्या घरी अशा वह्या आहेत आणि पुस्तक करायचं मनात आहे, त्यांनी इथून पुढचं नीट वाचावं. मी कुठं कुठं पहारा दिला आणि कुठं झोपलो, ते सांगतो.

आठ दिवसांनी बाईंचा फोन आला. लिहिणं त्यांना आवडलं होतं. मी म्हटलं, "आवडलं म्हणजे काय?" त्या म्हणाल्या, "म्हणजे मी छापते." मग त्यांनी करारनामा आणि एक फॉर्म पाठवला. फोनवर तीनदा म्हणाल्या, घाई करू नका, कोणाकडून तरी वाचून घ्या. एवढं सांगतात म्हणजे आत काहीतरी आहे, असं मी धरून चाललो. दुसऱ्या कोणाला दाखवायचं नाही हे ठरलेलंच होतं. रोज दुपारी अंगणात बसून एकेक ओळ लावत वाचायचो. "हक्क" हा शब्द आला तिथं खूण केली. "आवृत्ती" आली तिथं खूण केली. पुन्हा गाडी धरली, बाईंसमोर जाऊन बसलो.

"हक्क तुमचा काऊन?"

"छापायचा हक्क माझा, तोही ठरावीक वर्षांसाठी. लिहिणं ज्याचं त्याचंच राहते."

"मंग इथी दुसऱ्या भाषेत छापायचाबी तुमचाच, असं लिवलं हाय."

बाईंनी चष्मा लावला. वाचलं. "बरोबर पकडलं भाऊ. हा जुना मसुदा हाय. खोडते." खोडून बाजूला सही केली. "अशी प्रश्न विचारणारी माणसं मला महिन्यातून एक भेटली तरी बरं होईल. लोकं डोळे मिटून सही करतात आणि मग दहा गावं बोंबलत फिरतात."

मी जिंकल्यासारखा घरी आलो. फॉर्म भरायचा होता तो भरला. नाव, गाव, तालुका, कोणत्याही फॉर्मवर असतं तसंच. मोठ्या अक्षरात भरला, सही केली, पाठवला.

महिन्याभरानं बाईंचा फोन. "भाऊ, नाव फॉर्मात हाय तेच ठेवायचं ना?"

मला राग आला. वाटलं, आता ही बाई फॉर्मातलं काहीतरी बदलायला निघाली. "फॉर्मात जे हाय तेच. एक अक्षर इकडचं तिकडं होता कामा नाई."

"बरं बरं," बाई म्हणाल्या. "तुमच्याशी बोलणं म्हणजे कोर्टात उभं राहणं हाय."

मग एक जाडजूड पाकीट आलं. सुटे कागद, टाईप केलेले, चारी बाजूंनी मोकळी जागा सोडलेली. सोबत चिठ्ठी: हे प्रूफ आहे, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, चुका लाल पेननं दाखवा आणि परत पाठवा. छापून झालेलं मला द्यायचं आणि मग माझ्याच हातानं खाडाखोड करून परत मागायचं, हे मला काही पटलं नाही. फळीवरचं दुरुस्तीचं कार्ड डोळ्यासमोर आलं. उद्या म्हणतील, तुम्हीच बदललं. मी आठ-दहा पानं वाचली. बायकोचेच शब्द होते. तेवढ्यानं समाधान झालं. बाकीचे कागद पेटीत घातले आणि कुलूप लावलं.

फोन आला. "प्रूफ पाहिलं का भाऊ?"

"पाहिलं. सब बरोबर हाय. छापा."

"कागद परत नाई आले."

"येणारबी नाई. छापा तुमी."

तिचा पहिला स्मृतिदिन जवळ आला होता. विहारात सगळ्यांसमोर पुस्तक ठेवायचं होतं. मला घाई होती आणि बाईंना ती माझ्या आवाजात कळली असावी.

स्मृतिदिनाच्या चार दिवस आधी गाडीनं खोकं आलं. कंडक्टरनं फाट्यावर उतरवून दिलं. मी सायकलवर बांधून आणलं. खोक्याची पट्टी तपासली, कोणी उघडलं तर नाही. उघडलं नव्हतं. पुस्तकं मोजली, बरोबर होती. एक हातात घेऊन हुंगलं. आत चाळलं, एकही पान उलटं नव्हतं. मग शेजारणीला हाक मारली, तिच्यासोबत पाटी घेऊन वर्गाला जाणाऱ्या मैत्रिणीला. पहिलं पुस्तक तिलाच द्यायचं मी ठरवलं होतं.

ती हात पुसत आली, ओट्यावर बसली. ती अजूनही बोट ठेवून वाचते. कव्हरवर तेंदूच्या झाडाचं चित्र होतं. वरचं पुस्तकाचं नाव तिनं वाचलं, हसली. मग बोट खाली आलं. ती थांबली. पुन्हा वाचलं.

"भाऊजी, हे कोणाचं नाव हाय?"

"कोणतं?"

"हे. हे त तुमचं नाव हाय."

मी पुस्तक हिसकून घेतलं. माझंच नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासह. पाठीच्या पट्टीवरही. आतल्या पानावरही.

"मंग माह्या मैत्रिणीनं काय केलं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "जिंदगीभर तिची तोडणी तुमच्या कार्डावर. आता लिवणंबी तुमच्याच कार्डावर?"

ती पुस्तक न घेता उठून गेली.

खोकं पुन्हा सायकलवर बांधलं आणि मिळेल त्या गाडीनं चंद्रपूर गाठलं. सगळ्या रस्त्यानं बाईंना काय काय बोलायचं ते ठरवत होतो. शेवटी माझाच संशय खरा ठरला, याचं मला आतून थोडं बरंही वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

बाईंच्या टेबलावर खोकं आपटलं. "तुमी नाव बदललं."

बाईंनी कपाटातून फाईल काढली. माझा फॉर्म समोर ठेवला. पहिलीच ओळ, लेखकाचं नाव. तिथं माझं नाव, माझ्या अक्षरात, मोठ्या मोठ्या अक्षरात.

तो भरताना माझा हात क्षणभरही थांबला नव्हता. रेशन कार्ड माझ्या नावाचं, घर माझ्या नावाचं, तेंदूचं कार्ड माझ्या नावाचं. पानं ती तोडायची, पुडकी ती बांधायची, पाय ठेवून ती उभी राहायची, आणि कार्डावर मी. नाव म्हटलं की आमच्या घरात एकच नाव लिहायचं असतं, असंच हाताला वळण. त्या ओळीत फक्त "नाव" नाही, "लेखकाचं नाव" लिहिलं आहे, हे मी वाचलं होतं का? वाचलं असेल. मी तर "हक्क" शोधत होतो.

"मी फोन करून विचारलं होतं," बाई म्हणाल्या.

"हो."

"प्रूफात पहिलंच पान नावाचं होतं."

ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, पार्सलवर घेणाऱ्याचं नाव असतं तसं ते असेल.

"आणि भाऊ," बाईंनी झेरॉक्सचा गठ्ठा पुढे सरकवला, "प्रत्येक पानावर तुमचाच अंगठा हाय. मला एकदोनदा वाटलं, हे बाईमाणसाचं लिहिणं हाय. विचारणार होते. पण काही विचारलं की तुम्ही अंगावर येता. म्हटलं, माणूस पानापानावर अंगठा मारून सांगून राह्यला, माहं हाय, माहं हाय. आपण कोण विचारणार?"

चोर येईल म्हणून मी साऱ्या पानांवर खूण केली आणि त्याच खुणेनं माल माझा झाला.

"मग कोणाचं हाय लिहिणं?"

"तिचं."

"तिचं म्हणजे?"

"लेकीच्या मायचं. ती गेली."

मला वाटलं, आता बाई हात धरतील, अरेरे म्हणतील. त्या उठल्या, आतून पाणी आणलं, ग्लास माझ्यासमोर ठेवला आणि खुर्चीवर बसून पेन काढलं. "नाव सांगा."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्याकडे बायकोचं नाव कोणी तोंडानं घेत नाही. मी तिला "अवं" म्हणायचो, लेक झाल्यावर "लेकीची माय". दवाखान्याच्या खिडकीवरसुद्धा नाव लेकीनं सांगितलं होतं. बाईंनी कागद आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मी लिहिलं. चौथीचं अक्षर. बाईंनी वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लावला.

मग त्यांनी मला पुस्तक कसं बनतं ते सांगितलं, पहिल्यांदाच, कारण मी पहिल्यांदाच ऐकत होतो. सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापतात, तो घडी घालून कापतात, त्याला फॉर्म म्हणतात. असे फॉर्म एकावर एक ठेवून चिकटवले आणि वरून कव्हर लावलं की पुस्तक. नाव असतं ते कव्हरवर आणि पहिल्या फॉर्मात. बाकीचे फॉर्म चांगलेच आहेत. कव्हर उखडायचं, पहिला फॉर्म काढायचा, नवा लावायचा, नवं कव्हर चढवायचं आणि कडा पुन्हा कापायच्या. पुस्तक बोटभराच्या आत लहान होईल, एवढंच. पुस्तकावर जो तेरा आकडी नंबर असतो तोही लेखकाच्या नावानं नोंदलेला असतो, तिथंही अर्ज करून बदलावं लागेल. आणि करार नव्यानं करायचा, वारस म्हणून सही माझी आणि लेकीची.

"नुसती चिठ्ठी चिकटवली त नाई चालत?" मी विचारलं.

"चालते. पण पावसाळ्यात चिठ्ठी निघते भाऊ. आणि खाली तुमचं नाव राहतेच."

मी म्हटलं, "उखडा."

खर्चाचं आम्ही दोघांनी मिळून निभावलं.

स्मृतिदिनाला विहारात पुस्तक नव्हतं. फोटोजवळ मी चार वह्या ठेवल्या, अंगठ्यांसकट. लेक अहेरीहून आली होती. तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ वह्या चाळत बसली. मग म्हणाली, "बाबा, तुमी माह्यावरबी भरवसा नाई ठेवला न." मी नवा करार तिच्यापुढं ठेवला. तिनं माझ्या सहीच्या खाली सही केली, आधी दोनदा वाचून.

थोड्या दिवसांनी दुसरं प्रूफ आलं. या वेळी पेटी उघडली नाही. कागद घेऊन सरळ शेजारणीच्या ओट्यावर गेलो. ती मला बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच सांगितलं, "वाचून दे. माह्या डोळ्यावर माहा भरवसा नाई." तिनं कागद घेतले. कव्हर वाचलं, बरोबर. पाठीची पट्टी, बरोबर. पहिलं पान, बरोबर. तिचं बोट हळूहळू त्याच पानाच्या पाठीमागं गेलं, जिथं बारीक अक्षरात छापखान्याची, कागदाची, हक्काची माहिती असते. लोक ते पान वाचत नाहीत.

"भाऊजी, इथी अजून तुमीच हाय."

खरंच होतो. एका बारीक खुणेपुढं, हक्क कोणाचा त्या ओळीत, माझं एकट्याचं नाव जुन्या प्रूफातून तसंच उतरलं होतं. मी बाईंना तिथूनच फोन लावला. बाई म्हणाल्या, "अरे देवा. थांबा, लिहून घेते. त्या ओळीत तुमचं आणि मुलीचं, वारस म्हणून. आणि लेखिकेचं वेगळं, वरती." मग म्हणाल्या, "भाऊ, संशय घ्यायची खरी जागा हीच हाय."

शेजारीण लाल पेननं ओळ खोडत होती. "वर्गात ती चुकलेलं खोडे, तसं खोडता येते मले," ती म्हणाली. मग म्हणाली, "बसा."

ही जागा मला आधी माहीत असती, तर माझे दोन महिने माणसांच्या हसण्याकडे पाहण्यात गेले नसते. मी अजूनही लोकांवर भरवसा ठेवत नाही. पण कोणत्या कागदावर कोणती ओळ असते, कोणता कागद आधी येतो आणि कोणता नंतर, आपली सही कुठल्या गोष्टीला आहे, हे कळल्याशिवाय घेतलेला संशय म्हणजे मोकळ्या आवारात कुत्रं सोडून घराचं दार उघडं ठेवण्यासारखं. कुत्रं येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकत राहतं. माझं तसंच झालं.

छपाईच्या दिवशी मी छापखान्यात गेलो. बाई म्हणाल्या होत्या, गरज नाही. म्हणून तर गेलो. टिनाच्या शेडमध्ये मशीन धडधडत होती, शाईचा वास नाकात बसला. मशीनवाला पंचेचाळिशीचा, बनियनवर होता. त्यानं मला पाहून मान हलवली. "आजोबा, बाजूनं उभे राहा, धोतर ओढून घेईल हे."

त्यानं मशीन हळू करून पहिला ताव काढला, मोठा, खाटेएवढा. मी वाकून पाहिलं. अर्धी पानं उलटी छापली होती, डोकं खाली.

"हे उलटं काऊन?"

तो हसला. ताव घेतला, एक घडी, दुसरी, तिसरी, आणि पुस्तकासारखा करून माझ्या हातात दिला. आता सगळी पानं सरळ होती. मी पहिलं पान उघडलं. पुस्तकाचं नाव. त्याखाली तिचं नाव. मागचं पान पाहिलं, बारीक अक्षरातली ओळ पाहिली. तिथं आता आम्ही दोघं वारस होतो, बापलेक.

"बरोबर हाय का?" मशीनवाला ओरडला. मशीन चालूच होती.

मी मान हलवली.

"असं नाई चालत आजोबा. नाव वाचून सांगा. मी माह्या कागदाशी ताडून पाहतो. बाईनं सांगितलं, या खेपेला तोंडी पक्कं केल्याशिवाय लावायचं नाई."

त्याच्या हातात बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी होती. मी त्या पानावर बोट ठेवलं, शेजारीण ठेवते तसं. नाव वाचलं.

"ऐकू नाई आलं! मोठ्यानं!"

मी मोठ्यानं म्हटलं. संसारात पहिल्यांदा, परक्या माणसापुढं, मशीनच्या आवाजावर. आधी तिचं, मग तिच्या बापाचं, मग आमचं आडनाव. त्यानं चिठ्ठीवर बोट फिरवत पाहिलं, एकेका अक्षराशी थांबत. मी घडी घातलेला ताव दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

"सोडा आता," तो म्हणाला.

"तू लिव आंधी," मी म्हटलं.

त्यानं कानामागचं पेन काढलं, चिठ्ठीवर बरोबरची खूण केली, सही केली आणि मला दाखवली. मग मी ताव सोडला, आणि त्यानं मशीन जोरात लावली.